कोंबडीचे खाद्य आणि तिचे सुखस्वास्थ्य

अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या बंधुभगिनींची एक तक्रार नेहमी ऐकू येते. ‘अंडी ठीक मिळतात, खाद्यातही काटकसर करीत नाही, पण कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत, एकमेकींना टोचून रक्त काढतात आणि आठवड्यात दोन-चार पक्षी पाय पसरून पडलेले सापडतात.’ लसी वेळेवर दिलेल्या असतात, साथीच्या रोगाची लक्षणे दिसत नाहीत. मग दोष हवेला, जातीला किंवा नशिबाला दिला जातो. अशा वेळी खरे कारण पुष्कळदा खाद्याच्या भांड्यात सापडते.

याचे कारण समजून घेणे महत्त्वाचे आहे. खाद्यात काही कमी पडले म्हणजे कोंबडी लगेच अंडी देणे थांबवीत नाही. ती आधी स्वतःच्या अंगातील साठा मोडते. हाडातील कॅल्शियम आणि अंगावरचे मांस खर्च करून ती अंडे पुरे करते. म्हणून टोपलीत अंडी दिसत असतानाही कोंबडी आतून झिजत असते. टोपली रिकामी होऊ लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. तेव्हा अंडी मोजण्याबरोबर कोंबडीकडे पहाण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. तिचे सुखस्वास्थ्य आणि आपला फायदा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

एका अंड्याची किंमत कोंबडीला काय पडते?

चांगल्या जातीची कोंबडी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे वर्षभरात ती ६०० ग्रॅम कॅल्शियम अंगाबाहेर टाकते. तिच्या संपूर्ण सांगाड्यात मात्र एका वेळी सुमारे २० ग्रॅमच कॅल्शियम असते. दीड किलो वजनाचा हा जीव आपल्या सांगाड्याच्या तीसपट कॅल्शियम वर्षात देऊन टाकतो. हे सारे रोजच्या खाद्यातूनच भरून निघाले पाहिजे.

कवच तयार होण्यास सुमारे २० तास लागतात व त्यातील मोठा भाग रात्री होतो. रात्री कोंबडी खात नाही. त्यासाठी निसर्गाने सोय केली आहे. अंड्यावर येण्याच्या सुमारास तिच्या पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा तयार होतो. रात्री तो वापरला जातो व दिवसा खाद्यातून पुन्हा भरला जातो. दिवसा तो पुरेसा भरला नाही, तर सांगाड्याचे मूळ हाडच झिजू लागते. हाडे ठिसूळ होतात, छातीचे हाड वाकते, पक्षी हाताळताना पंख किंवा पाय मोडतो. पिंजऱ्यातील कोंबडी एक दिवस उभीच राहू शकत नाही. यालाच ‘पिंजऱ्यातील थकवा’ म्हणतात. पाणी व खाद्य समोर असूनही ती तेथपर्यंत पोचत नाही आणि उपाशी मरते.

अशी कोंबडी वेळीच दिसली तर तिला पिंजऱ्यातून काढून जमिनीवर तुसाच्या गादीवर ठेवावे. पाणी, खाद्य व शिंपल्याचा चुरा चोचीच्या टप्प्यात ठेवावा. अशा बऱ्याच कोंबड्या काही दिवसांत पुन्हा उभ्या राहतात. पण एक कोंबडी पडली म्हणजे शेजारच्या अनेकींची हाडे झिजली आहेत असे समजून सर्व कळपाचे खाद्य तपासावे.

कॅल्शियम किती, कोणते आणि केव्हा?

अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावे. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाद्य खात असेल, तर साडेतीन टक्के प्रमाणाने तिला ३.८५ ग्रॅम कॅल्शियम मिळते. यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. म्हणजे एका अंड्यापुरते जेमतेम भागते. उन्हाळ्यात तीच कोंबडी ९० ग्रॅम खाद्यावर आली, की तिला ३.१५ ग्रॅमच मिळते. खाद्य तेच, पोतेही तेच, पण कोंबडी रोज ०.७ ग्रॅमने तोट्यात जाते. शिंपल्यात सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते. तेव्हा ही तूट भरण्यास दर कोंबडीस सुमारे २ ग्रॅम, म्हणजे १०० कोंबड्यांस २०० ग्रॅम शिंपल्याचा चुरा जास्त द्यावा लागतो. एवढ्या स्वस्त वस्तूवाचून हाडे मोडू देणे परवडणारे नाही.

चुरा कसा आहे यालाही महत्त्व आहे. पिठासारखी बारीक चुनखडी पोटातून लवकर निघून जाते. ज्वारीच्या दाण्याएवढे, म्हणजे २ ते ४ मिलिमीटरचे शिंपल्याचे खडे पेषणीत थांबतात व रात्रभर हळूहळू विरघळतात. म्हणून निम्मे कॅल्शियम भुकटीतून व निम्मे खड्यांतून द्यावे. वरून द्यावयाचा चुरा दुपारनंतर, तीन-चारच्या सुमारास टाकावा. त्या वेळी कोंबडीलाही त्याची ओढ असते.

कॅल्शियम अंगी लागण्यासाठी स्फुरद आणि ‘ड ३’ जीवनसत्त्व हवे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीस ‘ड ३’ उन्हातून मिळते. पिंजऱ्यातील कोंबडीस ते खाद्यातूनच द्यावे लागते. जुने, उन्हात पडलेले किंवा फुटलेल्या पाकिटातील जीवनसत्त्वांचे मिश्रण वापरू नये. त्याची शक्ती गेलेली असते.

तलंगांना मात्र लवकर अंड्यावरील खाद्य सुरू करू नये. जास्त कॅल्शियममुळे त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. १६-१७ व्या आठवड्यापासून सुमारे २ टक्के कॅल्शियमचे मधले खाद्य द्यावे व कळपात अंडी दिसू लागताच अंड्यावरील खाद्य चालू करावे. उशीर केला तर पहिल्याच महिन्यात कोंबडी हाडे मोडून अंडी देते व ती झीज पुढे भरून येणे कठीण जाते.

पिसे उपटणे व टोचणे

एकमेकींना टोचणे ही कोंबड्यांची खोड आहे असे आपण म्हणतो. पण या खोडीमागे बहुधा काही तरी उणीव असते. दाटी, प्रखर उजेड व उष्णता ही कारणे आहेतच; खाद्यातील कारणे मात्र चटकन लक्षात येत नाहीत. ती पुढीलप्रमाणे आहेत.

१) प्रथिने, विशेषतः मेथिओनिन कमी पडणे. पिसे प्रथिनांचीच बनलेली असतात. मेथिओनिन कमी पडले, की पिसे विरळ होतात व कोंबड्या एकमेकींची पिसे खाऊ लागतात. शेडमध्ये गळालेली पिसे जमिनीवर दिसत नसतील, तर ती कोणाच्या तरी पोटात जात आहेत असे समजावे.

२) मीठ कमी पडणे. मिठाची उणीव झालेली कोंबडी रक्ताच्या चवीकडे वळते. खाद्यात एकूण ०.३ ते ०.४ टक्के मीठ असावे. मात्र सुकट किंवा मासळीची भुकटी वापरत असाल, तर तिच्यातील मीठ आधी तपासून घ्यावे व वरचे मीठ तेवढे कमी करावे. खारवलेल्या मासळीमुळे मीठ जास्त झाले, की कोंबड्या सारखे पाणी पितात, विष्ठा पातळ होते, गादी ओली होते व मरतूक होऊ शकते.

३) चोथ्याचे पदार्थ कमी असणे. नुसते बारीक, कसदार खाद्य कोंबडी थोड्या वेळात खाऊन टाकते. पोट भरल्याचे समाधान होत नाही आणि चोचीला काम राहत नाही. दिवसातील बराच वेळ उकरणे व टोचणे हा तिचा स्वभाव आहे. खाद्यात ते काम मिळाले नाही, तर ती शेजारणीच्या पाठीवर ते करते. दुपारी लसूणघास, पालक किंवा कोबीची पाने जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याएवढ्या उंचीवर टांगावीत. गादीवरील कोंबड्यांसाठी मूठभर ज्वारी किंवा बाजरी तुसात विखरून टाकावी. त्या तूस उकरीत बसतात व गादीही मोकळी राहते.

४) भांडी अपुरी असणे. दर कोंबडीस लांब भांड्याची १० ते १२ सेंटिमीटर जागा मिळावी. जागा कमी पडली, की दांडग्या कोंबड्या दाणा वेचून खातात व दुबळ्यांच्या वाट्यास तळची भुकटी येते. एकाच पोत्यातील खाद्य खाऊनही निम्मा कळप उपाशी राहतो, तो असा.

चोच कापल्याने जखमा कमी होतात. मूळ उणीव मात्र तशीच राहते. शिवाय चोच फार कापली गेली तर वेदना होतात व कोंबडीला दाणा नीट उचलता येत नाही. म्हणून आधी वरील चार गोष्टी तपासाव्यात. जखमी कोंबडी लगेच वेगळी करावी, कारण रक्त दिसले की सर्व कळप तुटून पडतो.

घरी खाद्य मिसळणाऱ्यांसाठी

मका व सोयाबीन सहज मिळते अशा भागात १०० किलो खाद्यासाठी पुढील मिश्रण आधार म्हणून घेता येईल.

मका भरडा – ५२.४ किलो
सोयाबीन पेंड – २४ किलो
ताजे राईस पॉलिश – १३ किलो
शिंपल्याचा चुरा व चुनखडी – ८.६ किलो
डायकॅल्शियम फॉस्फेट – १.२ किलो
मीठ – ४०० ग्रॅम
जीवनसत्त्वे व सूक्ष्म क्षार मिश्रण – ३०० ग्रॅम
मेथिओनिन – १०० ग्रॅम

यात सुमारे १७ टक्के प्रथिने, साडेतीन टक्के कॅल्शियम व किलोमागे २६०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा मिळते. जीवनसत्त्व मिश्रणाचे प्रमाण पाकिटावर लिहिल्याप्रमाणे ठेवावे व तेवढा मका कमी-जास्त करावा. मीठ, मेथिओनिन व जीवनसत्त्वे आधी दोन-तीन किलो भरड्यात कालवून मगच मोठ्या ढिगात मिसळावीत. तसे न केल्यास काही कोंबड्यांना जास्त तर काहींना काहीच मिळत नाही. मका पिठासारखा बारीक दळू नये. पीठ चोचीला चिकटते व कोंबडी ते टाळते. फार जाडही ठेवू नये, नाही तर नुसता दाणा वेचला जातो.

मका स्वस्त आहे म्हणून त्याचे प्रमाण मनाने वाढवू नये. पिंजऱ्यातील कोंबडीस हालचाल थोडी. जास्तीच्या ऊर्जेची चरबी होऊन ती पोटात व यकृतात साठते. अंगाने भरलेली, अंडी देणारी कोंबडी अचानक मरते. तुरा फिकट पडलेला असतो. शवविच्छेदनात यकृत पिवळे, ठिसूळ दिसते व पोटात रक्ताची गाठ सापडते. अशा वेळी खाद्यातील ऊर्जा कमी करून, मिश्रणात कोलीन आहे की नाही हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पहावे.

बुरशी लागलेले खाद्य

पावसाळ्यात मका व शेंगदाणा पेंड यांना बुरशी लवकर लागते. तिच्यापासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाव घालते. कोंबड्यांचे खाणे कमी होते, अंडी लहान पडतात आणि रोगप्रतिकारशक्ती खालावल्यामुळे लसीचाही गुण येत नाही. भाजल्याने किंवा उकळल्याने हे विष पूर्णपणे जात नाही. म्हणून कुबट वासाचा, गोळे झालेला किंवा हिरवट-काळा पडलेला माल चांगल्या मालात मिसळून खपविण्याचा मोह टाळावा. एक पोते वाचविण्याच्या नादात सगळा कळप दुबळा होतो.

साठवणीच्या वेळी दाण्यातील ओलावा १२ टक्क्यांपेक्षा कमी असावा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर सोडून रचावीत. पावसाळ्यात मिसळलेले खाद्य पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवू नये. भांड्याच्या तळाशी चिकटलेले ओले खाद्य रोज खरवडून काढावे.

उन्हाळ्यातील खाद्य व पाणी

विदर्भ, मराठवाडा व खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते व त्यातूनच अंगातील उष्णता बाहेर टाकते. खाल्लेले पचवितानाही अंगात उष्णता निर्माण होते, म्हणून ती आपण होऊन खाणे कमी करते. सतत धापा टाकल्याने रक्तातील समतोल बिघडतो व कवच पातळ होते. कमी खाणे आणि पातळ कवच या दोन्ही आपत्ती एकदम येतात.

अशा वेळी भर उन्हात खाण्याचा आग्रह करू नये. दिवसाच्या खाद्याचा मोठा भाग पहाटे ५ ते ७ व उरलेला संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्यावा. दुपारी १२ ते ४ पक्ष्यांना हाताळू नये. कोंबडी कमी खाते, म्हणून त्या थोड्या खाद्यात मेथिओनिन, जीवनसत्त्वे व कॅल्शियम यांचे प्रमाण वाढवावे. मक्याचा काही भाग कमी करून १ ते २ टक्के खाद्यतेल मिसळल्यास तेवढीच ऊर्जा मिळते, पण पचनाची उष्णता कमी होते.

खाद्याइतकेच पाणी महत्त्वाचे. कोंबडी खाद्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे दिवसाला २०० ते २५० मिलिलिटर पाणी पिते. कडक उन्हाळ्यात यापेक्षा खूप जास्त. तापलेल्या टाकीतील पाणी ती पीत नाही, आणि पाणी कमी प्याले की खाणेही सुटते. टाकी सावलीत ठेवावी, तिच्यावर ओले गोणपाट गुंडाळावे, उघड्या नळ्या झाकाव्यात किंवा जमिनीत गाडाव्यात. निपल पद्धत असल्यास प्रत्येक निपल दाबून पहावे. एक बंद निपल म्हणजे त्या पिंजऱ्यातील सर्व कोंबड्यांची तहान. दिवसभर पाणी न मिळाल्यास अंडी एकदम उतरतात व पूर्वपदावर यायला कित्येक दिवस लागतात.

उपाशी ठेवून पिसे झडविणे

वर्ष-सव्वा वर्षानंतर अंडी कमी झाली, की कोंबड्यांना काही दिवस खाद्य, कधी पाणीही तोडून पिसे झडविण्याची व पुन्हा अंड्यावर आणण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ झाली. यात कोंबडीचे अतोनात हाल होतात व दुबळे पक्षी दगावतात. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे, पाळलेल्या प्राण्यास पुरेसे अन्न-पाणी न देणे हा गुन्हा आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये ही पद्धत बंद करण्याबाबत राज्यांना कळविले आहे.

कळपाला विश्रांती देणे आवश्यकच असेल, तर उपासाची गरज नाही. गव्हाच्या कोंड्यावर आधारित, कमी ऊर्जेचे व कमी कॅल्शियमचे खाद्य पोटभर ठेवून व वाढीव उजेड कमी करूनही कोंबड्या अंड्यावरून उतरतात, पिसे बदलतात व पुन्हा अंड्यावर येतात. हे काम पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली करावे. पाणी मात्र एक तासही तोडू नये.

परसातील कोंबड्या

गावठी, गिरिराज, वनराज अशा परसात फिरणाऱ्या कोंबड्यांना किडे, पाला व ऊन आयते मिळते. तरी अंडी चालू असताना कॅल्शियम व प्रथिने कमी पडतातच. संध्याकाळी मूठभर दाणा-भरड्याबरोबर शिंपल्याचा चुरा एका पसरट भांड्यात ठेवावा. शिंपले नसल्यास अंड्याची टरफले उकळून, वाळवून, बारीक कुटून द्यावीत. अख्खी टरफले टाकल्यास कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची सवय लागते.

आठवड्यातून एकदा कोंबडी हातात घ्या

आठवड्यातून एकदा संध्याकाळी, शेडच्या निरनिराळ्या भागांतील दहा-पंधरा कोंबड्या दोन्ही हातांनी हळुवार उचलून तपासाव्यात. एका पायाने किंवा पंखाने उचलू नये.

१) गळ्याखालची दाण्याची पिशवी : संध्याकाळी ती भरलेली असावी. अनेकींची रिकामी लागली, तर भांडी, खाद्याची वेळ किंवा पाणी कमी पडते आहे.

२) छातीचे हाड : बोट फिरवून पहावे. ते सरळ असावे व दोन्ही बाजूंस मांस असावे. वाकडे किंवा धारदार लागल्यास खाद्य तपासावे.

३) पाठ, मान व शेपटीखालची पिसे : विरळ झाली असल्यास प्रथिने, मीठ व दाटी पहावी.

४) वजन : प्रत्येक वेळी लिहून ठेवावे. अंडी तीच आणि वजन उतरते आहे, ही धोक्याची सूचना समजावी.

५) अंड्याचे कवच : पातळ, खरबरीत किंवा बिनकवचाची अंडी रोज वेगळी मोजावीत.

याबरोबर रोजचे खाद्य, पाणी, अंडी व मरतूक यांची नोंद एका वहीत ठेवावी. खाणे किंवा पाणी पिणे अचानक बदलले, तर अंडी उतरण्याआधी एक-दोन दिवस ते वहीत दिसते. तेवढ्या अवधीत उपाय करता येतो.

कोंबडी तक्रार करीत नाही. पोटाला कमी मिळाले तरी ती अंडे देत राहते, आणि आपण ‘सर्व ठीक आहे’ असे समजतो. ते अंडे खाद्यातून आले की तिच्या हाडातून, हे ओळखणे आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी शेडमध्ये गेल्यावर टोपली उचलण्यापूर्वी दहा कोंबड्या हातात घेऊन पहाव्यात.